हजारातले अडीचशे: प्राथमिक डॉक्टर नेमकं काय करतो आणि त्याचं घोडं कुठे अडतं

प्रश्न असा आहे: विशेषज्ञ थेट भेटतात, तपासण्याही परस्पर करून घेता येतात, मग मध्ये प्राथमिक डॉक्टर, म्हणजे कुठल्याही तक्रारीला आपण आधी गाठतो तो नेहमीचा डॉक्टर, हवा कशाला? शेवटी तो चिठ्ठी लिहून पुढेच पाठवणार ना? आणि त्याचं काम खरंच एवढं मोलाचं असेल, तर देशोदेशीचे प्राथमिक डॉक्टर मेटाकुटीला का आलेत?

आधी एक जुनी मोजणी पाहू. १९६१ साली केर व्हाइट हे अमेरिकी डॉक्टर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधली आकडेवारी जुळवून एक हिशोब मांडला. सोळा वर्षांवरची १००० माणसं घेतली, तर एका महिन्यात त्यांतल्या सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो एक. २००१ मध्ये हीच मोजणी नव्या आकड्यांवर पुन्हा झाली. चाळीस वर्षांत वैद्यकशास्त्र ओळखू येऊ नये इतकं बदललं होतं, पण उतरंड जवळपास तशीच निघाली: ८०० जणांना लक्षणं, २१७ जण दवाखान्यात, ८ रुग्णालयात.

प्राथमिक डॉक्टरचं काम या २५० आणि ९ यांच्या मधल्या पट्ट्यात चालतं. त्या अडीचशेंपैकी पुढे जायला हवेत ते नऊ कोण हे ओळखायचं, आणि उरलेल्यांना विनाकारण पुढे ढकलायचं नाही. यातला दुसरा भाग लोकांना फारसा दिसत नाही, म्हणून ‘चिठ्ठी देणारा डॉक्टर’ अशी त्याची प्रतिमा होते.

विनाकारण पुढे गेलं तर बिघडतं काय? साधं गणित करू. एखादी तपासणी आजार असलेल्या १० पैकी ९ जणांना पकडते आणि निरोगी १० पैकी ९ जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते, असं धरा. चांगलीच तपासणी म्हणायची. प्राथमिक दवाखान्यात त्या तक्रारीच्या १००० लोकांमागे तो आजार १० जणांना आहे. तपासणी त्यातले ९ पकडेल. पण उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांनाही ‘आहे’ म्हणेल. एकूण १०८ जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि खरे आजारी ९, म्हणजे बारातला एक. आता हीच तपासणी विशेषज्ञाकडे करा. तिथे गाळून आलेल्या १००० जणांत ३०० जणांना तो आजार आहे. पॉझिटिव्ह येतील ३४०, आणि त्यांतले २७० खरे, म्हणजे पाचातले जवळपास चार. यंत्र तेच, रसायन तेच, फरक पडला तो समोर कोण बसलंय याचा.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्राथमिक दवाखान्यात या तपासणीचा निगेटिव्ह रिपोर्ट जवळजवळ निर्धास्त करणारा असतो, कारण ८९२ निगेटिव्हमध्ये चुकलेला एकच. विशेषज्ञाकडे ६६० निगेटिव्हमध्ये चुकलेले ३० असतात. म्हणून विशेषज्ञ एका निगेटिव्ह रिपोर्टवर थांबत नाही, आणि त्याने थांबूही नये. दोघांची विचार करण्याची रीत वेगळी असते ती या आकड्यांमुळे, हुशारी कमी-जास्त असल्यामुळे नव्हे. सगळे लोक थेट विशेषज्ञाकडे जाऊ लागले, की विशेषज्ञासमोरची गर्दीच प्राथमिक दवाखान्यासारखी होते, पण त्याच्या सवयी मात्र गाळून आलेल्या रुग्णांच्याच राहतात. मग त्या ९९ खोट्या पॉझिटिव्हांमागे दुसरा स्कॅन, तिसरी सुई, चौथी भीती असं लचांड लागतं.

या कामातलं मुख्य हत्यार म्हणजे वेळ, आणि यावर मी थोडं जास्त बोलणार आहे. बरेच आजार पहिल्या दिवशी ओळखू येतच नाहीत. नागिणीत त्वचेवर पुरळ येण्याआधी काही दिवस नुसतं दुखतं, आणि ते दुखणं छातीत असलं तर हृदयाचं वाटतं, पोटात असलं तर पित्ताशयाचं. अपेंडिक्सचं दुखणं अनेकदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी, कधी दिवसभराने, उजवीकडे खाली सरकतं. पहिल्या चार तासांत पोट तपासणाऱ्या डॉक्टरला ते सापडलं नाही, तर त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. त्याने पेशंटला पुढे काय सांगून घरी पाठवलं, त्यावर ते ठरतं.

‘बरं नाही वाटलं तर या’ हे वाक्य निरुपयोगी आहे. नीट सूचनेत चार गोष्टी हव्यात. एक, सध्या काय वाटतंय आणि त्याबद्दल खात्री किती आहे. दोन, नेमकं काय दिसलं तर धोका समजायचा. तीन, किती वेळ वाट पाहायची. चार, तेव्हा कुठे जायचं, आणि रात्र असेल तर कुठे. पोटदुखीत ते असं होईल: “आत्ता पोट मऊ आहे, साधं दुखणं वाटतंय, पण अपेंडिक्स आजच नाकारता येत नाही. दुखणं उजवीकडे खाली सरकलं, चालताना-खोकताना हादरा बसून दुखू लागलं, ताप आला किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट पाहू नका, थेट तातडीच्या विभागात जा. काही झालं नाही तरी उद्या सकाळी मला पोट पुन्हा दाखवा.” हे बोलायला अर्धा मिनिट लागतो. केसपेपरवर लिहायला आणखी अर्धा. लिहायलाच हवं, कारण उद्या समोर दुसरा डॉक्टर असू शकतो.

मुदत सांगताना ती खरी सांगावी. साध्या छातीच्या सर्दीतला खोकला सरासरी १८ दिवस टिकतो, आणि लोकांची अपेक्षा असते आठवडाभराची. नवव्या दिवशी पेशंट घाबरून परत येतो, डॉक्टर दबून अँटिबायोटिक देतो, खोकला आपल्या वेळेने थांबतो आणि श्रेय गोळीला जातं. पुढच्या वर्षी तोच पेशंट दुसऱ्याच दिवशी ती गोळी मागायला येतो. ‘अडीच-तीन आठवडे चालेल, धाप लागली, थुंकीतून रक्त आलं किंवा ताप उतरून पुन्हा चढला तर आधी या’ एवढं पहिल्याच भेटीत सांगितलं असतं, तर ही साखळी सुरूच झाली नसती.

काही लक्षणांत मात्र वाट पाहणं हा गुन्हा ठरतो. कंबरदुखीचे बहुसंख्य पेशंट काही आठवड्यांत आपोआप सुधारतात आणि त्यांना स्कॅनची गरज नसते. पण कंबरदुखीसोबत लघवी तुंबली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी पाठवायचं. हा प्रश्न प्रत्येक कंबरदुखीला विचारावा लागतो आणि शेकडो वेळा उत्तर ‘नाही’ येतं. तरीही न कंटाळता विचारणं हे कौशल्यच आहे. ते कुठल्या यंत्रावर दिसत नाही एवढंच.

आता भेटीच्या आत काय चुकतं ते पाहू. १९८४ च्या एका गाजलेल्या निरीक्षणात डॉक्टर पेशंटला सरासरी १८ सेकंदांत मध्येच तोडतात असं आढळलं. उलट, २००२ मध्ये एका बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना मुद्दाम गप्प बसायला सांगितलं, तेव्हा पेशंट सरासरी ९२ सेकंद बोलले आणि बहुतेकांचं दोन मिनिटांत संपलं. तोडल्यामुळे वेळ वाचत नाही. खरी तक्रार शेवटी, दाराच्या कडीवर हात ठेवून बाहेर येते: “जाता जाता एक विचारायचं होतं, छातीत जरा दडपल्यासारखं होतं.” उपाय सोपा आहे. पहिली तक्रार ऐकली की लगेच तिच्या खोलात शिरू नये. ‘आणि आणखी काय?’ असं ‘बास, एवढंच’ येईपर्यंत विचारावं, यादी समोर ठेवावी, आणि आज कुठल्या दोन गोष्टी पाहायच्या ते दोघांनी ठरवावं.

साध्या रक्तदाबाचंच घ्या. नीट मोजायचा तर पेशंटला पाच मिनिटं शांत बसवावं लागतं. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, पट्टा दंडाच्या मापाचा, मोजताना बोलणं बंद, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन वाचनं. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा फुगतो. दंड लोंबता ठेवला तरी फुगतो. लघवी तुंबलेली असली तरी फुगतो. पाच मिनिटांच्या भेटीत यातलं काहीच होत नाही, आणि त्या फुगलेल्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होते.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर भेटीची लांबी पाहा. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. प्राथमिक डॉक्टरची भेट बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. जगाची जवळपास निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तिथे ती पाच मिनिटं किंवा त्याहून कमी.

सगळ्यात अवघड पेशंट म्हणजे एकाच वेळी चार-पाच जुने आजार असलेला. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं एकेका आजारासाठी लिहिलेली असतात. २००५ मध्ये काही संशोधकांनी ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई उभी केली: मधुमेह, रक्तदाब, दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार, ठिसूळ हाडं आणि सांधेदुखी. प्रत्येक तत्त्व काटेकोर पाळलं तर तिला १२ औषधं, दिवसाला १९ डोस, पाच वेगवेगळ्या वेळी घ्यावे लागले असते. प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर होतं.

गोळीवर गोळी कशी चढते त्याची ही एक नेहमीची साखळी. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होतं. घोट्यांना सूज येते. ही सूज केशवाहिन्यांमधून द्रव पाझरल्यामुळे येते, अंगात पाणी जास्त झाल्यामुळे नाही. पण दुसरा डॉक्टर सूज पाहून लघवी वाढवणारी गोळी देतो. तिने सूज फारशी उतरत नाही, मात्र युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि पायाचा अंगठा सुजून लाल होतो. तिसरा डॉक्टर दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक देतो. त्याने रक्तदाब चढतो. चौथा डॉक्टर रक्तदाबासाठी रामिप्रिल जोडतो. आता लघवी वाढवणारी गोळी, रामिप्रिल आणि दुखण्याची गोळी हे तिघं एकत्र आले, आणि एखाद्या दिवशी जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड बसतं. चार डॉक्टरांपैकी एकाचीही कृती वेडगळ नव्हती. सगळ्या चिठ्ठ्या एकाच टेबलावर ठेवून तारखा जुळवणारा पाचवा कुणी नव्हता, तिथे घात झाला. तो असता तर सूज येताच अ‍ॅम्लोडिपिन कमी केलं असतं किंवा बदललं असतं.

म्हणून नवं लक्षण दिसलं की पहिला प्रश्न असा असावा: गेल्या काही आठवड्यांत कुठली गोळी सुरू झाली, वाढली किंवा बंद झाली? पाचाहून जास्त औषधं असतील तर वर्षातून एकदा तरी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणायला सांगावं. मलमं, थेंब, दुकानातून परस्पर घेतलेल्या आणि शेजाऱ्याने दिलेल्याही. कागदावरची यादी आणि पिशवी सहसा जुळत नाहीत. कमी करताना एका वेळी एकच गोळी कमी करावी, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळत नाही. काही गोळ्या, उदाहरणार्थ झोपेच्या, नैराश्याच्या किंवा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणाऱ्या), झटकन तोडू नयेत, टप्प्याटप्प्याने उतरवाव्यात.

इथे सातत्याचा मुद्दा येतो. बार्बरा स्टारफिल्ड या अमेरिकी डॉक्टर-संशोधक. त्यांनी प्राथमिक सेवेचे चार खांब सांगितले: पहिला संपर्क, सातत्य (वर्षानुवर्षं तोच डॉक्टर), सर्वसमावेशकता आणि समन्वय. यांपैकी सातत्य सगळ्यात स्वस्त, आणि यंत्रणा सगळ्यात आधी गमावते ते हेच. नॉर्वेत प्रत्येकाला नेमून दिलेला डॉक्टर असतो. तिथल्या लाखो लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. एकाच डॉक्टरशी १५ वर्षांहून जास्त संबंध असलेल्या लोकांत, वर्षभराचाच संबंध असलेल्यांच्या तुलनेत, रात्री-अपरात्री तातडीच्या सेवेकडे धावण्याची आणि रुग्णालयात तातडीने दाखल होण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी आणि मृत्यूची २५ टक्क्यांनी कमी होती. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे सगळं श्रेय सातत्यालाच देता येत नाही. पण संबंध जितका जुना तितका फायदा जास्त, ही पायरी-पायरीची चढण दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

आता चिठ्ठीकडे येऊ, कारण टीका तिच्यावरच असते. ‘कृपया पाहावे’ ही चिठ्ठी म्हणजे हात झटकणं. चांगल्या चिठ्ठीत सुरुवातीलाच एक प्रश्न असतो: ‘हे अमुक आहे का?’ किंवा ‘शस्त्रक्रिया हवी का?’ मग आतापर्यंत काय केलं, त्याचा काय परिणाम झाला, रिपोर्ट तारखांसह, चालू औषधं मात्रेसह, अ‍ॅलर्जी, पेशंटला स्वतःला काय हवंय, आणि विशेषज्ञाकडून अपेक्षा काय: फक्त सल्ला, की पेशंट ताब्यात घेणं. घाई असेल तर घाईचं कारण. विशेषज्ञाला यामुळे पाच मिनिटांत निर्णय घेता येतो.

चिठ्ठी दिल्यावर तीन ठिकाणी गळती होते. पेशंट गेलाच नाही. गेला पण उत्तर आलं नाही. उत्तर आलं पण कुणी वाचलं नाही. कॅन्सरचं निदान लांबण्यामागे ही तिसरी गळती अनेकदा सापडते: रिपोर्ट फाइलमध्ये असतो, लाल रेघेसकट. यावर साधी वही पुरते. नाव, पाठवल्याची तारीख, कशासाठी, उत्तर कधीपर्यंत अपेक्षित आणि ते पाहण्याची जबाबदारी कुणाची. आठवड्यातून एकदा वही उघडायची आणि मुदत उलटलेल्यांना फोन करायचा. ‘काही कळवलं नाही म्हणजे रिपोर्ट नॉर्मल’ ही पद्धत धोकादायक आहे, कारण हरवलेला रिपोर्ट आणि नॉर्मल रिपोर्ट दोघंही सारखेच गप्प असतात.

एवढं सगळं करायला वेळ कुठून आणायचा? इथेच घोडं अडतं. अमेरिकेतल्या एका डॉक्टरकडे नोंदलेल्या २५०० प्रौढांची यादी धरून २०२२ मध्ये एक हिशोब झाला: सगळी मार्गदर्शक तत्त्वं एकट्या डॉक्टरने पाळायची तर दिवसाला २६.७ तास लागतील. त्यातले १४.१ तास नुसत्या प्रतिबंधक सेवेचे. परिचारिका, औषधतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, समुपदेशक अशी टीम असेल तर डॉक्टरच्या वाट्याला ९.३ तास येतात. म्हणजे टीमसह सुद्धा दिवस भरून उरतो.

आपल्या दवाखान्याचा हिशोब कुणालाही मांडता येतो. यादीत १८०० माणसं, प्रत्येकी वर्षाला चार भेटी, म्हणजे मागणी ७२००. डॉक्टर वर्षाचे २२० दिवस, दिवसाला २४ जण, पंधरा मिनिटं एकेकाला, सहा तास: क्षमता ५२८०. तूट १९२०, रोजचे जवळपास नऊ जण. त्यांना मध्ये घुसवलं तर भेट अकरा मिनिटांची होते. तेवढ्यात तक्रारी पुऱ्या ऐकल्या जात नाहीत, म्हणून तेच लोक पुन्हा येतात आणि मागणी आणखी वाढते. यादी कमी करणं किंवा माणसं वाढवणं हे खरे उपाय, पण ते डॉक्टरच्या हातात क्वचितच असतात. हातात असतं ते पुन्हा बोलावण्याचं अंतर. या यादीत स्थिर रक्तदाबाचे, मधुमेहाचे ६०० जण दर तीन महिन्यांनी सवयीने येत असतील आणि सहा महिने त्यांना चालणार असतील, तर १२०० भेटी मोकळ्या होतात. तुटीचा मोठा हिस्सा त्यातच भरून निघतो. मात्र ‘स्थिर’ कोण हे नाव घेऊन ठरवावं, सरसकट नव्हे.

नोंदींचं ओझं वेगळंच. २०१६ च्या एका पाहणीत पेशंटसमोरच्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणक आणि टेबलकामात जाताना दिसले. बिलासाठी भरायच्या रकान्यांत वैद्यकीय अर्थाची ओळ हरवते, आणि जुना मजकूर चिकटवण्याच्या सोयीमुळे तीन वर्षांपूर्वीची अ‍ॅलर्जी नसल्याची नोंद आजही तशीच पुढे सरकत राहते.

पैसे देण्याची पद्धत वागणं घडवते, याबद्दल भाबडेपणा नको. भेटीमागे पैसे दिले की भेटी छोट्या आणि पुष्कळ होतात. माणशी ठरावीक रक्कम दिली की आजारी माणूस तोट्याचा ठरतो, म्हणून वय आणि आजारानुसार ती रक्कम बदलावी लागते. ब्रिटनने २००४ मध्ये उद्दिष्टं गाठण्यावर मोठी रक्कम लावली. मोजल्या गेलेल्या गोष्टींच्या नोंदी सुधारल्या, पण सातत्य घटलं, कारण ते मोजलंच जात नव्हतं. स्कॉटलंडने ती योजना २०१६ मध्ये बंद केली. मिश्र पद्धत त्यातल्या त्यात बरी: पायाभूत माणशी रक्कम, आणि लसीकरण किंवा घरभेटीसारख्या टाळल्या जाणाऱ्या कामांना वेगळे पैसे.

या सगळ्याचा भार समान पडत नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहिलं होतं की चांगली सेवा जिथे गरज जास्त तिथे कमी मिळते. स्कॉटलंडमधल्या मोठ्या पाहणीत गरीब वस्त्यांत एकाहून जास्त जुने आजार १० ते १५ वर्षं लवकर सुरू होताना दिसले. म्हणजे तिथल्या डॉक्टरच्या १८०० च्या यादीत काम सुखवस्तू भागातल्या १८०० पेक्षा कितीतरी जास्त असतं. डोकी मोजून डॉक्टर नेमले की ही दरी यंत्रणेच्या कागदावर दिसतच नाही.

राहिला शिक्षणाचा प्रश्न. भावी डॉक्टर शिकतात त्या हजारातल्या एकापाशी, मोठ्या रुग्णालयात. तिथे डोकेदुखी म्हणजे स्कॅन हे बरोबरच असतं. तोच डॉक्टर पहिल्यांदा दवाखान्यात बसतो तेव्हा त्याला दर आठवड्याला वीस डोकेदुख्या दिसतात आणि तो वीसही स्कॅनला पाठवतो. त्याला प्राथमिक दवाखान्यात निदान काही महिने सलग बसवायला हवं, तेही एकाच ठिकाणी. पहिल्या आठवड्यात त्याने पोटदुखी म्हणून घरी पाठवलेला पेशंट तिसऱ्या आठवड्यात त्याच्याच समोर परत आला पाहिजे, म्हणजे आपला अंदाज बरोबर होता की चूक हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरणार नाही.